बँडचं नाव पटकन वाचताच येऊ नये, असं कव्हर काढणारा रिक ग्रिफिन

जून १९६९. अमेरिकेतल्या दुकानांमध्ये एक नवी रेकॉर्ड आली. कव्हरच्या मध्यावर तळपता गोळा, खाली कवटी आणि वरती बँडचं नाव. पण ते नाव वाचायचं म्हणजे गिऱ्हाईकाला मान तिरकी करून, डोळे बारीक करून बघत बसावं लागायचं. अक्षरं एकमेकांत अशी काही गुंतली होती की अक्षर कुठलं आणि नक्षी कुठली हेच कळू नये.

आता धंद्याचा साधा हिशोब काय सांगतो? दुकानाची पाटी असो की साबणाचा खोका, नाव मोठं पाहिजे, ठळक पाहिजे आणि लांबून वाचता आलं पाहिजे. इथे सगळंच उलटं होतं.

तरीही हे कव्हर रॉक संगीताच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या कव्हरांपैकी एक ठरलं. बँड होता ग्रेटफुल डेड, अल्बम होता ‘ऑक्सोमोक्सोआ’ आणि ते काढणारा रिक ग्रिफिन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा होता.

रिकचा जन्म १८ जून १९४४ चा, दक्षिण कॅलिफोर्नियातला. वडील पेशाने इंजिनिअर, पण त्यांना नाद होता पुरातत्त्वाचा. सुट्टी मिळाली की ते पोराला घेऊन अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात उत्खननाच्या जागा पालथ्या घालायचे. मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तू, ओस पडलेल्या जुन्या गावांतल्या पाट्या, गंजलेले डबे, त्यांच्यावरची वळणदार अक्षरं हे सगळं रिकने लहानपणीच बघून घेतलं. पुढे त्याच्या चित्रांत हा सगळा माल जागोजागी दिसतो.

घर समुद्राजवळ, त्यामुळे सर्फिंगचं वेड लागलं. वर्गात बाकावर बसून सर्फर पोरांची चित्रं काढणं हा त्याचा उद्योग. जॉन सेव्हरसन नावाच्या माणसाने तेव्हा ‘सर्फर’ नावाचं मासिक काढलं होतं. त्याने रिकला हेरलं आणि १९६१ पासून मासिकात ‘मर्फी’ नावाचं कार्टून छापून येऊ लागलं. लाटांवर धडपडणारा हा छोटा मर्फी सर्फिंग करणाऱ्या पोरांमध्ये तुफान लोकप्रिय झाला. विशी गाठायच्या आत रिक त्याच्या जगात स्टार झाला होता.

आणि मग १९६३ साल आलं.

रिक लिफ्ट मागत मागत सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता. वाटेत गाडीला अपघात झाला. चेहऱ्याला जबर मार लागला आणि डावा डोळा कायमचा जायबंदी झाला. ज्याचं पोट डोळ्यांवर आणि हातावर चालतं, अशा पोराच्या बाबतीत हे घडलं होतं. पुढे तो डोळ्यावर काळी पट्टी बांधून फिरायचा, समुद्री चाच्यासारखा.

त्याने चित्रं काढणं थांबवलं नाही. लॉस एंजेलिसच्या शूनार्ड आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याने प्रवेश घेतला. तिथेच त्याला इडा भेटली. तीही चित्रकार, पुढे त्याची बायको झाली.

१९६६ च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काहीतरी वेगळंच शिजत होतं. फिलमोर आणि ॲव्हलॉन या दोन हॉलमध्ये दर आठवड्याला रॉक बँडचे कार्यक्रम व्हायचे. हिप्पी चळवळ जोरात होती. एलएसडी नावाचं अमली द्रव्य पोरं सर्रास घ्यायची, ज्याला बोलीभाषेत ॲसिड म्हणायचे. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने त्यावर बंदी घातली, पण तोवर त्या नशेतले रंग आणि आकार गाण्यांत, कपड्यांत आणि भिंतींवर उतरले होते.

भिंतींवर म्हणजे पोस्टरवर. वेस विल्सन या चित्रकाराने व्हिएन्नातल्या साठेक वर्षांपूर्वीच्या अक्षरशैलीवरून वितळल्यासारखी दिसणारी अक्षरं काढायला सुरुवात केली होती. ती वाचायला अवघड होती आणि गंमत अशी की त्याचाच फायदा झाला. पोरं खांबापाशी थांबायची, कोडं सोडवल्यासारखं पोस्टर वाचायची. ज्याला थांबायला वेळ नाही, त्याच्यासाठी ते पोस्टर नव्हतंच.

रिक आणि इडा या शहरात राहायला आले. जानेवारी १९६७ मध्ये गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ नावाचा मोठा मेळावा भरला, हजारो तरुण जमले. त्याच्या एका पोस्टरवर रिकने घोड्यावर बसलेला मूळ अमेरिकन योद्धा काढला आणि त्याच्या हातात दिली गिटार. वडिलांबरोबर बघितलेलं वाळवंट आणि नवं रॉक संगीत एका चित्रात आलं.

वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, स्टॅनली माऊस, ॲल्टन केली आणि रिक ग्रिफिन. पोस्टर काढणाऱ्या या पाच जणांना लोक ‘बिग फाइव्ह’ म्हणू लागले. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन’ हे मासिक निघालं. त्याचं पहिलं बोधचिन्ह रिकच्याच हातचं. पुढे त्यात बदल होत गेले, पण मूळ वळण त्याचं.

फेब्रुवारी १९६८. जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमांसाठी रिकने एक पोस्टर केलं. आगीच्या कड्यातून एक भलामोठा डोळा बाहेर झेपावतोय, त्याला पंख आहेत, सरड्यासारखे हातपाय आहेत आणि हातात कवटी आहे. पंखांचा डोळा ही मूळ कल्पना व्हॉन डच या गाड्या रंगवणाऱ्या कलाकाराची. पण रिकने त्याला जे अक्राळविक्राळ रूप दिलं, त्यामुळे ‘फ्लाइंग आयबॉल’ म्हटलं की आज पोस्टरच्या शौकिनांना रिकच आठवतो. ज्याचा स्वतःचा एक डोळा अधू झाला, त्याच्या चित्रांत डोळा पुन्हा पुन्हा येतो. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

पोस्टरवरून गडी रेकॉर्डच्या कव्हरकडे वळला. १९६८ मध्ये क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या बँडच्या पहिल्या अल्बमचं कव्हर त्याने केलं. एलपी रेकॉर्डचं कव्हर म्हणजे साधारण बारा इंच लांब, बारा इंच रुंद चौकोन. पोस्टर पावसात भिजायचं, फाटायचं. कव्हर मात्र घरी जायचं. रेकॉर्ड वाजत असताना माणूस ते मांडीवर घेऊन अर्धा-पाऊण तास निरखत बसायचा. इतक्या निवांतपणे आपलं चित्र बघणारा प्रेक्षक चित्रकाराला दुसरीकडे कुठे मिळणार?

रिकचं काम याच निवांतपणासाठी होतं. टाक आणि शाईने तो बारीक बारीक रेघा मारायचा, जुन्या नोटांवर किंवा सिगारच्या खोक्यांवर असतात तशा.

‘ऑक्सोमोक्सोआ’ हे चित्र आधी जानेवारी १९६९ च्या ॲव्हलॉनमधल्या कार्यक्रमाचं पोस्टर होतं. तेच पुढे अल्बमचं कव्हर झालं. अल्बमचं नावसुद्धा रिक आणि बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर यांनी मिळून तयार केलं. त्याला अर्थ काहीच नाही. पण इंग्रजीत ते सुलट वाचा नाहीतर उलट, सारखंच. शिवाय त्यातली ए, ओ, एक्स, एम ही चारही अक्षरं अशी आहेत की आरशात धरली तरी बदलत नाहीत. म्हणजे शब्दच असा निवडला की चित्राच्या डाव्या बाजूला जे, तेच उजव्या बाजूला. वर जन्म, खाली मृत्यू आणि मधून दोन सारखे भाग.

आणि बँडचं ते न वाचता येणारं नाव? नीट बघितलं तर त्याच अक्षरांतून ‘आम्ही ॲसिड खाल्लं’ या अर्थाचं इंग्रजी वाक्यही निघतं, हे चाहत्यांनी शोधून काढलं. एकाच चित्राचे असे दोन अर्थ. थांबून बघणाऱ्याला बक्षीस मिळायचं, ते असं.

पण पुढच्याच वर्षी रिकने सगळ्यांना चक्रावून टाकलं. १९७० मध्ये तो ख्रिस्ताचा निष्ठावान भक्त झाला. कवट्या, साप आणि ॲसिडच्या जगातला हा माणूस आता बायबल वाचत होता. ज्या चित्रांनी नाव मिळवून दिलं, ती चित्रं आणि ही श्रद्धा एकत्र कशी नांदायची, हा प्रश्न त्याच्यासमोर होता.

त्याने टाक खाली ठेवला नाही. ख्रिस्ती बँडच्या अल्बमची कव्हरं केली. योहानाचं शुभवर्तमान त्याने चित्रांसह साकारलं, ते १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. रेघ तीच, अक्षरांचं वळण तेच.

जुने मित्रही तुटले नाहीत. १९७३ मध्ये ग्रेटफुल डेडने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिच्या पहिल्या अल्बमच्या, ‘वेक ऑफ द फ्लड’च्या कव्हरसाठी रिकलाच गाठलं. त्याने काढला एक टोपडं पांघरलेला माणूस. हातात विळा, पेंढी धान्याची आणि मागे समुद्र. पाश्चात्त्य चित्रांत विळेवाला म्हणजे मृत्यू. रिकचा विळेवाला मात्र पीक कापून उभा आहे. १९८१ चा ‘रेकनिंग’ आणि १९९० चा ‘विदाउट अ नेट’ या अल्बमची कव्हरंही त्याचीच.

१५ ऑगस्ट १९९१ ला कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाजवळ रिक मोटारसायकलवरून चालला होता. एका व्हॅनला ओलांडताना धडक झाली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला तो गेला. वय ४७. कॅलिफोर्नियात सगळ्या दुचाकीस्वारांना हेल्मेटची सक्ती करणारा कायदा १ जानेवारी १९९२ ला लागू झाला. साडेचार महिन्यांचा फरक पडला.

तो गेला तेव्हा बारा इंचांचं कव्हरही जातच होतं. सीडी आली आणि चित्र बारा सेंटिमीटरचं झालं. आता तर ते मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लगुना आर्ट म्युझियमने त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोक पुन्हा त्याच्या मूळ चित्रांसमोर उभे राहिले.

ऑक्सोमोक्सोआचं कव्हर कधी समोर आलं, तर लगेच पुढे सरकू नका. मोठं करा, वरची अक्षरं बघा आणि नाव वाचून दाखवा. पहिल्या झटक्यात जमणार नाही. रिकला तेच हवं होतं.