सोलापूरहून यानआनपर्यंत : डॉ. कोटणीस यांच्या परवान्यांची कहाणी

सोलापूर : परदेशी जायचे म्हटले, की आज सामान्य सोलापूरकर टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ ठरवतो, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती काढतो आणि पोलीस पडताळणीची वाट पाहत बसतो. त्यात विलंब झाला तर कुरकुरही करतो. परंतु पासपोर्ट मागण्याचा नागरिकाला मुळी हक्कच नव्हता, असा एक काळ होता. त्या काळात याच शहरातील एका तरुण डॉक्टरने युद्धाच्या वणव्यात सापडलेल्या चीनची वाट धरली. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र पारतंत्र्यातील एक माणूस परक्या देशात शिरला तरी कसा, त्याला कोणी जाऊ दिले आणि परतीच्या वाटा एकेक करून कशा बंद झाल्या, ही बाजू त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. वडिलांनी मुलाला डॉक्टर करण्याचे ठरविले आणि त्यासाठी मुंबईला पाठविले. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, मग स्वतःचा दवाखाना थाटावा, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता. घरच्यांची अपेक्षाही याहून वेगळी नव्हती.

ते ज्या शहरातून आले होते, ते शहर मात्र सरकारच्या लेखी सरळ नव्हते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले आणि इंग्रजांना तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ त्या वेळी विशीत होते. या धामधुमीत त्यांचे नाव पोलिसांच्या दप्तरी चढले नाही. पुढे आठ वर्षांनी हीच गोष्ट निर्णायक ठरली, असे म्हणता येते.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. चिनी सैन्याकडे माणसे होती, डॉक्टर नव्हते. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू दे यांनी त्या वर्षअखेरीस पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांचा या प्रयत्नात मोठा वाटा होता. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. सुमारे २२ हजार रुपये जमले, रुग्णवाहिकेची सोय झाली आणि डॉक्टरांकडून अर्ज मागविण्यात आले. मुंबईत पुढच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कोटणीसांनी अर्ज केला.

घरी हे कळले तेव्हा सर्वांत आधी चीन नेमका कोठे, याचाच शोध घ्यावा लागला असेल. दारोदार रेशीम विकत फिरणारे चिनी फेरीवाले, एवढीच त्या देशाची ओळख तेव्हा बहुतेक घरांना होती. मुलाने दवाखाना टाकायचा सोडून अनोळखी मुलखातील लढाईत जावे, हे आईच्या मनाला पटणे कठीणच होते. वडिलांनी मात्र मुलाची बाजू घेतली.

पथकात पाच जण निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ. त्यांच्याखेरीज सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी. पाचपैकी दोघे मराठी होते, याची आठवण नागपूरकरांनाही फारशी राहिलेली नाही. पाचवे नाव कलकत्त्याच्याच डॉ. रणेन सेन यांचे होते. येथे पहिली अडचण उभी राहिली. सेन यांचे राजकीय कार्य सरकारला ठाऊक होते. त्यांना पासपोर्ट नाकारण्यात आला. अखेर त्यांच्या जागी डॉ. बिजय बसू यांना घ्यावे लागले.

सेन यांच्या बाबतीत जे घडले, ते तेव्हाच्या व्यवस्थेला धरूनच होते. ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी समजली जाई. प्रांतिक सरकारे भारत सरकारच्या वतीने तो देत. अर्जदाराविषयी पोलिसांकडे प्रतिकूल टिपण असेल, तर नकाराचे कारण सांगण्याचे बंधन सरकारवर नव्हते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय जवळपास नव्हती. पासपोर्ट मिळालाच, तर त्यावर ज्या देशांची नावे नोंदलेली असत तेवढ्याच देशांपुरता तो चाले. त्यातही एक मेख होती. १९२० चा पासपोर्ट कायदा हा प्रामुख्याने हिंदुस्थानात प्रवेश करण्यासंबंधीचा होता. पासपोर्टशिवाय कोणी चोरवाटेने बाहेर पडला, तरी परत येताना तो या कायद्याच्या कचाट्यात सापडे. सीमा ओलांडून रशियाकडे गेलेल्या अनेक तरुणांना याचा अनुभव आला होता. म्हणजे हा कागद जाण्यापेक्षाही परतण्यासाठी अधिक आवश्यक होता.

कोटणीसांना तो मिळाला. कागदोपत्री ते जन्माने ब्रिटिश प्रजाजन होते. ज्या साम्राज्याविरुद्ध त्यांचे शहर आठ वर्षांपूर्वी उठले होते, त्याच साम्राज्याच्या राजमुद्रेखाली ते एका दुसऱ्या पीडित देशाच्या मदतीला निघाले. हा विरोधाभास काँग्रेसच्या नेत्यांच्या ध्यानात आला नसेल असे नाही. परंतु हिंदी माणसापाशी तेव्हा दुसरा कागदच नव्हता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ही बोट मुंबई बंदरातून सुटली. पूर्वेकडे जाणाऱ्या त्या जलमार्गावरील मोठी बंदरे ब्रिटिश ध्वजाखालीच होती. त्यामुळे हाँगकाँगपर्यंत हा प्रवास एका अर्थाने साम्राज्याच्या अंगणातलाच होता. खरी परकी भूमी त्यापुढे सुरू झाली. १७ सप्टेंबरच्या सुमारास पथक कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला पोहोचले. डॉ. सन्यत सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग त्यांच्या स्वागताला हजर होत्या. यजमान देशाला या पाच जणांची इतकी गरज होती, की प्रवेशाचा प्रश्न तेथे उद्भवला नाही.

कँटनहून पथक हँकौला गेले आणि चिनी रेडक्रॉसच्या देखरेखीखाली कामाला लागले. तारखा पाहिल्या म्हणजे या मंडळींनी किती थोडक्यात दार गाठले याची कल्पना येते. ऑक्टोबर संपण्यापूर्वी आधी कँटन आणि पाठोपाठ हँकौसह संपूर्ण वूहान जपान्यांच्या हाती पडले. ज्या वाटेने ते आत आले, ती वाट पाच-सहा आठवड्यांत बंद झाली. आणखी दोन महिने पासपोर्ट रखडला असता तर निदान त्या मार्गाने हे पथक चीनमध्ये शिरू शकले नसते.

आघाडी मागे सरकत गेली, तसे पथकही यिचांगमार्गे युद्धकालीन राजधानी चोंगकिंगला आले. तेथे दुसऱ्या परवान्याचा प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्यापेक्षा किचकट होता. चू दे यांचे सैन्य होते उत्तरेला, कम्युनिस्टांच्या ताब्यातील प्रदेशात. त्यांची राजधानी यानआन. चँग कै-शेक यांचे राष्ट्रवादी सरकार आणि कम्युनिस्ट जपानविरुद्ध एकत्र आले होते खरे, पण ही एकी वरवरची होती. परदेशी डॉक्टरांनी आणि औषधांनी यानआनकडे जावे, हे चोंगकिंगच्या सरकारला मनापासून मान्य नव्हते. एकाच देशात, एकाच शत्रूशी लढणाऱ्या दोन पक्षांच्या मुलखांमध्ये अशी अदृश्य सीमा होती. तिच्यापुढे ब्रिटिश पासपोर्टचा काहीही उपयोग नव्हता. पथकाला चोंगकिंगमध्ये आठवडेच्या आठवडे तिष्ठत बसावे लागले.

याच दिवसांत कोटणीसांना वडिलांच्या मृत्यूची बातमी मिळाली. ज्यांच्या पाठिंब्यावर ते घराबाहेर पडले होते, तो आधारच गेला. सोलापुरात कुटुंब उघड्यावर आलेले, धाकटी भावंडे शिकणारी. परतण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला आणि त्यात वावगे काही नव्हते. पासपोर्ट खिशात होता, परतीचा मार्ग लांबचा असला तरी उपलब्ध होता. यानआनला एकदा गेल्यावर तो तसाच राहील याची शाश्वती नव्हती. कोटणीसांनी न परतण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय नंतरच्या चरित्रकारांनी त्यागाच्या कौतुकात गुंडाळून टाकला आहे. त्याची किंमत मात्र सोलापूरच्या त्या घराने मोजली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

जानेवारी १९३९ मध्ये अखेर पथक उत्तरेकडे निघाले आणि फेब्रुवारीत यानआनला पोहोचले. पाचही डॉक्टरांनी चिनी नावे घेतली होती. चीन या अर्थाचे ‘हुआ’ हे अक्षर प्रत्येकाच्या नावाशेवटी जोडले गेले आणि कोटणीस झाले ‘के दिहुआ’. डोंगर पोखरून केलेल्या गुहांमध्ये रुग्णालय होते. मोहिमेची मुदत साधारण वर्षभराची धरलेली होती. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. अटल यांना त्वचारोगाने हैराण केल्यामुळे १९४० मध्ये निघावे लागले. कोटणीस आणि बसू मागे राहिले.

यानंतरचा प्रवास कोणत्याच परवान्यावर झाला नाही. १९३९ च्या अखेरीस आघाडीकडे निघालेले कोटणीस जपान्यांच्या चौक्या आणि रेल्वेमार्ग चुकवत वूताय पर्वताच्या परिसरातील तळावर आले. कॅनडाचे विख्यात शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करीत होते. त्यांचे १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्तदोषाने निधन झाले होते. त्यांची जागा पुढे सोलापूरच्या डॉक्टरांना भरून काढावी लागली. १९४० च्या ‘शंभर पलटणीं’च्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास शस्त्रक्रिया चालू होत्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की ते तीतच व्याख्याने देत आणि शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तकही लिहीत होते.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची ओळख ग्वो छिंगलान या परिचारिका प्रशिक्षिकेशी झाली होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा जन्मला. त्याचे नाव सेनापती न्ये रुंगचन यांनी ‘यिनहुआ’ असे ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. ब्रिटिश प्रजाजन म्हणून निघालेल्या माणसाने आपली निष्ठा कोठे नोंदवायची हे आता स्वतः ठरविले होते.

दरम्यान, बाहेरचे जग मिटत चालले होते. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून गेले आणि वसंत संपण्याच्या आत ब्रह्मदेशाचा रस्ताही तुटला. चीनमधून हिंदुस्थानात यायला हिमालयावरून उडणारी लष्करी विमाने हाच काय तो मुख्य मार्ग उरला, आणि तोही चँग कै-शेक यांच्या प्रदेशातून जाणारा. वूतायच्या डोंगरातील डॉक्टरला त्याचा उपयोग नव्हता. पत्नी आणि तान्ह्या मुलाला घेऊन सोलापूरला यायचे त्यांनी ठरविले असते, तरी कोणत्या वाटेने येणार, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अपुरे अन्न, कडाक्याची थंडी आणि अविरत श्रम यांनी शरीर पोखरले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांत त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. माओ त्से-तुंग यांनी शोकलेख लिहिला. बिजय बसू १९४३ मध्ये एकटेच भारतात परतले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिचियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत हलविण्यात आले. तेथे त्यांचे आणि बेथ्यून यांचे स्मारक जवळजवळ आहे. ग्वो छिंगलान १९५८ मध्ये पहिल्यांदा भारतात आल्या आणि नंतरही अनेकदा येत राहिल्या. १९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांतील दारे पुन्हा लोटली गेली, तरी कोटणीस कुटुंबाशी असलेला त्यांचा संबंध तुटला नाही. वैद्यकीय शिक्षण घेणारा यिनहुआ मात्र १९६७ मध्ये, ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, दगावला.

त्याच १९६७ साली भारतात एक महत्त्वाची गोष्ट घडली. परदेशी प्रवास करणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सोहनी यांच्या खटल्यात एप्रिलमध्ये दिला. सरकारने मनाला येईल त्याला पासपोर्ट द्यावा आणि नको त्याला नाकारावा, ही पद्धत त्यामुळे मोडीत निघाली आणि जूनमध्ये नवा पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. नकार द्यायचा तर कारण नोंदविण्याचे आणि अपिलाची संधी देण्याचे बंधन त्यात आले. रणेन सेन यांच्या अर्जानंतर त्याला जवळजवळ तीन दशके लागली.

सोलापुरात भैय्या चौकातील कोटणीसांच्या घराचे महापालिकेने स्मारकात रूपांतर केले. १ जानेवारी २०१२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. चीनहून येणारी शिष्टमंडळे व्हिसा घेऊन तेथे येतात, फुले वाहतात. ग्वो छिंगलान यांचे त्याच वर्षी जूनमध्ये चीनमधील तालियन शहरात वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले.