आजीच्या जॅमला बक्षीस मिळालं, पण चित्रांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही

साल १९३८. न्यूयॉर्क शहरात राहणारा एक इंजिनिअर होता, लुई कॅल्डोर. त्याला जुन्यापान्या, हाताने बनवलेल्या कलावस्तू गोळा करायचा नाद. असाच फिरत फिरत तो न्यूयॉर्क राज्यातल्या हूसिक फॉल्स नावाच्या छोट्या गावात पोहोचला. तिथल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेमागे त्याला काही चित्रं दिसली. शेतं, टेकड्या, बर्फ, घोडागाड्या, मुंगीएवढी माणसं.

किंमत तीन ते पाच डॉलर. लहान चित्र तीनचं, मोठं पाचचं. म्हणजे चित्राची किंमत त्याच्या आकारावरून ठरलेली.

कॅल्डोरने होती तेवढी चित्रं उचलली आणि चित्रकार कोण म्हणून चौकशी केली. पत्ता निघाला जवळच्याच ईगल ब्रिज गावातला, शेतावर राहणाऱ्या ७७ वर्षांच्या एका विधवा बाईंचा. कॅल्डोर घरी गेला तेव्हा त्या नेमक्या बाहेर गेलेल्या. सुनेने सांगून टाकलं की सासूबाईंकडे अजून दहा चित्रं आहेत, उद्या या.

सासूबाई घरी आल्या, शोधाशोध केली, तर चित्रं भरली नऊ. आता गिऱ्हाईकाला दहा सांगितलेली. मग त्यांनी काय करावं? त्यातलं एक मोठं चित्र घेतलं, मधोमध कापलं, दोन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या चौकटी लावल्या. झाली दहा.

या बाईंचं नाव अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस. पुढे अख्खं जग त्यांना 'ग्रँडमा मोझेस' म्हणून ओळखायला लागलं.

आता थोडं मागे जाऊ.

अ‍ॅना मेरीचा जन्म ७ सप्टेंबर १८६० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच या खेड्यातला. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू व्हायच्या आधीचा. दहा भावंडांत ती तिसरी. वडील शेती करायचे, जवसाच्या धाग्याची गिरणीही चालवायचे. त्यांना स्वतःला चित्रांची आवड. ते पोरांसाठी स्वस्तातला कोरा कागद घेऊन यायचे, कारण एका पैशाच्या गोळ्या लगेच संपतात, कागद मात्र पुरतो. रंग कुठून आणायचे? ही पोरगी द्राक्षांचा नाहीतर रानफळांचा रस लावून चित्रं रंगवायची.

पण हे लाड फार काळ टिकले नाहीत. वयाच्या बाराव्या वर्षी ती घर सोडून दुसऱ्यांच्या घरी कामाला गेली. स्वयंपाक, धुणी, शिवण, म्हाताऱ्या माणसांची सेवा. पुढची १५ वर्षं हेच. एका घरी भिंतीवर लावलेली छापील चित्रं ती टक लावून बघते हे मालकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिला रंगीत खडू आणून दिले, एवढीच काय ती कलेची सोय. शाळा जमेल तशी, जमेल तेव्हा.

१८८७ मध्ये, २७ व्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा थॉमस सॅल्मन मोझेस हाही शेतगडीच. दोघं नशीब काढायला दक्षिणेकडे निघाले. जायचं होतं नॉर्थ कॅरोलायनाला, पण वाटेत व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन गावाजवळ थांबले आणि शेनान्डोआ खोऱ्याच्या प्रेमात पडून तिथेच राहिले. आधी दुसऱ्याची शेती कसली. अ‍ॅना मेरीने साठवलेल्या पैशातून गाय घेतली, लोणी काढून विकलं. पुढे बटाट्याचे वेफर्स तळून विकले. नवऱ्याच्या कमाईवर नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

या खोऱ्यात तिला दहा मुलं झाली. त्यातली पाचच जगली.

१९०५ मध्ये मोझेस कुटुंब परत न्यूयॉर्क राज्यात आलं तेव्हा पाच लहानगी थडगी मागे व्हर्जिनियात राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजींच्या चित्रांकडे बघताना ती सतत आठवत राहते.

ईगल ब्रिजला त्यांनी शेत घेतलं आणि त्याला नाव दिलं माउंट नेबो. बायबलमधला मोझेस ज्या डोंगरावरून शेवटचं बघतो आणि तिथेच त्याचा अंत होतो, तो हा डोंगर. आडनावावरून केलेली ही गंमत १९२७ मध्ये खरी ठरली. थॉमस मोझेस याच शेतावर हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

त्यांच्या हयातीतलं एक चित्र मात्र आहे. १९१८ ची गोष्ट. अ‍ॅना मेरी बैठकीच्या खोलीला वॉलपेपर लावत होत्या आणि कागद कमी पडला. फायरप्लेसच्या तोंडावर लावायची फळी उघडी राहिली. दुकानात कोण जाणार? त्यांनी फळीवर साधा पांढरा कागद चिकटवला आणि घराच्या रंगकामाचा रुंद ब्रश घेऊन तळ्याकाठची झाडं रंगवून टाकली. पहिलं मोठं चित्र असं वॉलपेपर संपला म्हणून निघालं!

त्यानंतरही चित्रकला मागेच पडली. १९३२ मध्ये मुलगी अ‍ॅनाला क्षयरोग झाला म्हणून आई तिच्याकडे व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला राहायला गेली. लोकरीच्या धाग्याने भरतकाम करून देखावे बनव, असं या मुलीनेच सुचवलं. मुलगी पुढे वारली. नातवंडांना सांभाळायला आजी तिथेच थांबल्या. हातात सुई होती, पण संधिवाताने बोटं आखडायला लागली. सुई धरवेना. तेव्हा बहिणीने सल्ला दिला की सुई जमत नाही तर ब्रश धरून बघ, ते सोपं पडेल.

वय होतं पंचाहत्तरीच्या पुढे.

चित्रं जमायला लागली तशी त्यांनी गावच्या जत्रेतल्या प्रदर्शनात ठेवली. सोबत घरचं जॅम आणि बरणीत टिकवलेली फळंही. निकाल लागला. जॅमला बक्षीस, फळांना बक्षीस, चित्रांना काहीच नाही. तीच चित्रं मग औषधाच्या दुकानात जाऊन धूळ खात पडली, आणि तिथे कॅल्डोर आला.

कॅल्डोरला वाटलं न्यूयॉर्कमधल्या गॅलऱ्या या चित्रांवर उड्या मारतील. काहींना चित्रं आवडलीही. पण चित्रकार बाई ऐंशीला टेकल्यात म्हटल्यावर सगळे मागे सरायचे. त्यांचा हिशोब सरळ होता. नवीन चित्रकारावर पैसे लावायचे तर तो वीस-पंचवीस वर्षं चित्रं काढणारा हवा, या बाई किती दिवसांच्या सोबती? या शहाण्यांना काय माहीत की बाई अजून २३ वर्षं जगणार आणि शेवटच्या वर्षापर्यंत ब्रश खाली ठेवणार नाहीत.

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अनोळखी चित्रकारांच्या एका छोट्या प्रदर्शनात तीन चित्रं लागली. पण खरा माणूस भेटला तो ओट्टो कॅलिर. व्हिएन्नाचा ज्यू कलाविक्रेता. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला देश सोडावा लागला होता. क्लिम्ट आणि शीले यांच्या चित्रांचा व्यवहार करणाऱ्या या माणसाने न्यूयॉर्कमध्ये गॅलरी थाटली आणि ऑक्टोबर १९४० मध्ये आजींचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. स्वतःचं गाव कायमचं सुटलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आठवणीतलं गाव भावलं असेल, तर त्यात नवल नाही.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आजी गेल्याच नाहीत. कारण काय, तर ती चित्रं त्यांनी आधीच बघितलेली होती.

पुढच्या महिन्यात गिंबल्स या मोठ्या दुकानाने थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने तीच चित्रं मांडली आणि आजींना बोलावलं. काळी टोपी, लेसची कॉलर असलेला झगा, अशा थाटात आजी आल्या. माईक समोर आला. लोकांना वाटलं आता कलेवर ऐकायला मिळणार. आजी बोलल्या जॅम आणि फळं टिकवण्याबद्दल.

बरं, त्या चित्रं काढायच्या कशी?

कॅनव्हास नाही. लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेला मॅसोनाइट बोर्ड, कारण तो जास्त टिकतो. आधी चौकट शोधायची, मग चौकटीच्या मापाने बोर्ड कापायचा. त्यावर जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, मग पांढऱ्या रंगाचे तीन थर. रंगवायला सुरुवात वरून. आधी आभाळ, मग डोंगर, मग जमीन, मग झाडं-घरं आणि सगळ्यात शेवटी माणसं. एका वेळी तीन-चार चित्रं चालू, म्हणजे हातातला रंग वाया जात नाही. आभाळ काढायचंय ना, मग सगळ्यांचंच काढून टाकायचं. पोळ्या लाटणारी बाई जसं काम उरकते, तसाच हा प्रकार.

माणसं काढणं त्यांना जड जायचं. त्यासाठी त्या वर्तमानपत्रांतली, मासिकांतली, शुभेच्छापत्रांवरची चित्रं कापून जपून ठेवायच्या आणि हवी ती आकृती गिरवून घ्यायच्या. सुरुवातीची काही चित्रं तर छापील चित्रांवरून सरळ घेतलेली आहेत. पण डोंगर, आभाळ, ऋतूंचे रंग कुणाचेही नव्हते. ते त्या खिडकीबाहेर रोज बघत होत्या.

त्यांचं 'शुगरिंग ऑफ' हे १९४३ मधलं चित्र घ्या. तिकडे हिवाळा संपता संपता मेपलच्या झाडांना भोक पाडून रस गोळा करतात. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक. आपल्याकडचं गुऱ्हाळच म्हणा ना! बर्फाने पांढऱ्या झालेल्या रानात चुलाण पेटलेलं, बादल्या घेऊन धावणारी माणसं, आणि गरम पाक बर्फावर ओतून त्याची गोळी खायला जमलेली पोरं. गुऱ्हाळावर काकवीसाठी ताटकळलेल्या कुणालाही ही पोरं ओळखीची वाटतील. लहानपणी त्या स्वतः त्या गर्दीत होत्या. हेच चित्र २००६ मध्ये लिलावात १२ लाख डॉलरला गेलं.

'ओल्ड चेकर्ड हाऊस' नावाचं घर त्यांनी कितीतरी वेळा काढलं. लाल-पांढऱ्या चौकटींची ही जुनी खानावळ, जिथे घोडागाड्यांचे घोडे बदलले जायचे. ती १९०७ मध्येच जळून गेलेली. म्हणजे आजी जेव्हा ती रंगवत होत्या, तेव्हा ती फक्त त्यांच्या आणि आसपासच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात उरली होती. मग त्याच घराचं हिवाळ्यातलं चित्र, उन्हाळ्यातलं चित्र. खिडकीच्या चौकटीतून आपण ते घर बघतोय असं त्या समजायच्या, खिडकी थोडी सरकवली की चित्र नवं.

आठवणींचंच चित्र, म्हणून त्यातून बरंच काही गाळलेलंही असायचं. ट्रॅक्टर नाही, तारांचे खांब नाहीत. आणि थडगीही नाहीत. बाराव्या वर्षी परक्याच्या घरी भांडी घासणारी पोरगी त्यात दिसत नाही, क्षयाने खंगलेली मुलगी दिसत नाही. वादळाची, आगीची चित्रं त्यांनी काढली, पण घरातल्या मरणाचं दुःख फळीवर उतरवलं नाही. काही समीक्षकांनी याला गोडगोड म्हणून नाक मुरडलं. जॅक्सन पोलॉक कॅनव्हासवर रंग शिंपडत होता तो हा काळ, आणि लोक मात्र आजींची कार्डं विकत घेत होते. हे टीकाकार अगदीच चूक नव्हते, आजींची सगळी चित्रं सारख्या तोलाची नाहीत. पण त्यांना दुःख माहीतच नव्हतं असं समजणं ही मात्र चूक. काय आठवायचं आणि काय नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

लोकांना तर वेड लागलं होतं. १९४७ पासून हॉलमार्क कंपनीची शुभेच्छापत्रं त्यांच्या चित्रांवर निघू लागली. पडदे, ताटं, डबे, सगळ्यावर आजींचा बर्फ. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हातून पुरस्कार मिळाला, वर ट्रुमननी त्यांना पियानो वाजवून दाखवला. १९५० मध्ये चित्रं युरोपभर फिरली. १९५३ मध्ये त्या टाइमच्या मुखपृष्ठावर झळकल्या. आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळाने त्यांच्याकडून साहेबांच्या शेतघराचं चित्र करवून घेतलं. आजी मात्र तीन-पाच डॉलरच्या दिवसांत होत्या तशाच राहिल्या, ईगल ब्रिजच्या घरात, त्याच टेबलाशी.

१९६० मध्ये त्या शंभर वर्षांच्या झाल्या. राज्यपाल रॉकफेलर यांनी तो दिवस ग्रँडमा मोझेस दिन म्हणून जाहीर केला. शंभरी गाठल्यावरही त्यांनी आणखी पंचवीसेक चित्रं काढली.

शेवटच्या महिन्यांत त्यांना हूसिक फॉल्सच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं होतं. तिथे त्यांचं मन रमेना. एक दिवस त्यांनी तपासायला आलेल्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लपवून ठेवला. मला ईगल ब्रिजला नेऊन सोडा, मग तुमचं हत्यार परत मिळेल, अशी अट घातली.

घरी जाणं काही झालं नाही. १३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्या तिथेच गेल्या. त्यांनी पूर्ण केलेलं शेवटचं चित्र त्याच वर्षीचं आहे. गावाकडची हिरवीगार जमीन, कामात गुंतलेली माणसं, आणि वर आभाळात इंद्रधनुष्य.