सर पेपर वाचत नव्हते, म्हणून १७ वर्षांच्या सी. व्ही. रामन यांनी तो थेट लंडनला पाठवला

२८ फेब्रुवारी आला की सोशल मीडियावर रामन इफेक्टच्या पोस्ट फिरू लागतात. पण सी. व्ही. रामन यांचा पहिला शोधनिबंध या शोधाच्या २२ वर्षं आधी छापून आला होता. तेव्हा ते कॉलेजात शिकत होते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीत झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये ते बीए झाले, पहिले आले आणि तिथेच एमए करू लागले. तेव्हा विद्यार्थ्याने संशोधन करावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण कॉलेजने रामन यांना प्रयोगशाळेत हवं ते करायची मोकळीक दिली होती.

तिथे प्रिझमवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. प्रिझमवरून तिरक्या येणाऱ्या प्रकाशाचे पट्टे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना सारखे दिसत नव्हते. रामन यांनी प्रयोग करून त्यामागचं कारण शोधलं, निबंध लिहिला आणि प्रा. जोन्स यांना वाचायला दिला.

काही महिने गेले, तरी उत्तर आलं नाही. मग रामन यांनी तो स्वतःच लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनला पाठवून दिला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला.

एवढं करूनही संशोधनाची नोकरी मिळणं अवघडच होतं. १९०७ मध्ये एमए झाल्यावर रामन सरकारच्या अर्थखात्यात रुजू झाले. पोस्टिंग कलकत्त्याला मिळालं. ऑफिसच्या आधी आणि नंतर ते बहूबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत जायचे. मध्ये रंगून आणि नागपूरलाही बदली झाली, पण संशोधन सुटलं नाही. शेवटी १९१७ मध्ये कमी पगारावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली.

संशोधन करून भागत नाही, ते लोकांपर्यंत पोहोचावंही लागतं, हे रामन यांना विद्यार्थी असतानाच कळलं होतं. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स सुरू केलं. १९२८ मध्ये रामन इफेक्ट सापडला, तेव्हा त्यावरचा निबंध याच जर्नलमध्ये आला आणि त्याच्या प्रती टपालाने जगभरातल्या शास्त्रज्ञांना धाडल्या गेल्या. १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. विज्ञानातलं नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई.

त्याच १९२८ साली या जर्नलमध्ये आणखी एका विद्यार्थ्याचा निबंध आला. तोही प्रेसिडेन्सी कॉलेजचाच, बीएस्सीला शिकणारा. काकांसारखं त्याला पहिल्या निबंधासाठी लंडनच्या टपालाची वाट पाहावी लागली नाही. हा पुतण्या म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९८३ मध्ये त्यालाही नोबेल मिळालं. ते पाहायला रामन मात्र नव्हते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं होतं.