दूरदर्शी जमशेटजी

मुलांनो, एका गावात कारखान्यांची धुराडी दिसतात, तर दुसऱ्या गावात दिसत नाहीत. असे का होते? जमशेटजी टाटा यांच्या चरित्रात तुम्हांला याचे उत्तर सापडेल.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईत शिक्षण घेऊन ते वडिलांच्या व्यापारात शिरले. पुढे ते इंग्लंडमधील लँकेशायर भागात गेले. तेथे कापूस पिकत नाही, तरी गावोगावी कापडाच्या गिरण्या होत्या. कारण तेथे दगडी कोळसा भरपूर होता, यंत्रे बनवणारे कारागीर होते आणि परदेशचा कापूस जवळच्या लिव्हरपूल बंदरात उतरत होता.

आपल्याकडे त्या काळी बहुतेक गिरण्या मुंबईत निघत. यंत्रे आणि कोळसा जहाजाने तेथे येई. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. आसपास कापूस पिकत होता, वरोऱ्याला कोळसा होता आणि १८६७ साली रेल्वेही आली होती. पैसा मातीत जाईल, असे म्हणून एका सावकाराने त्यांना कर्ज दिले नाही. तरीही १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि भरभराटीस आली. त्या सावकारालाही आपली चूक कळली.

मग जमशेटजींना पोलादाचा ध्यास लागला. चांदा जिल्ह्यात लोखंडाचे खनिज होते. पण तेथला कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. खाणींविषयीचे सरकारी नियमही जाचक होते. बेत बाजूला ठेवावा लागला. १८९९ मध्ये नियम सैल झाले, तेव्हा साठ वर्षांचे जमशेटजी पुन्हा कामाला लागले. पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. पोलाद पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांचे पुत्र दोराबजी यांनी हे काम पुढे नेले. शेवटी साकची हे गाव पसंत पडले. मयूरभंजचे खनिज, झरियाचा कोळसा, सुवर्णरेखा व खरकई या नद्यांचे पाणी आणि रेल्वे, सारे तेथे जुळून आले. १९१२ साली तेथे पोलाद तयार झाले. १९१९ मध्ये साकचीला जमशेदपूर हे नाव मिळाले.

मुलांनो, नुसते खनिज असून चांद्याला पोलाद झाले नाही आणि नुसता कापूस असून नागपूरला गिरणी निघाली नव्हती. माल, कोळसा, पाणी आणि वाहतूक यांचा मेळ लागतो. शिवाय तो मेळ ओळखून धोका पत्करणारा माणूसही लागतो. तुमच्या गावाजवळ एखादा कारखाना आहे का? तो तेथेच का निघाला, हे वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.