क्रॉसवाला स्पायसर

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपच्या जुन्या जीपचा पुढच्या चाकातला क्रॉस तुटला. चिखलात रुतलो होतो, फोर बाय फोर टाकलेलं, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, आणि मी वेड्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. त्यात हौसेने मोठे टायर टाकलेले. खट्! मिस्त्रीचं मत पडलं की नुसता क्रॉस बदलून भागायचं नाही, पुढे डाना ४४ सारखा दणकट अ‍ॅक्सल बसवा. नव्या क्रॉसच्या डब्यावर मात्र नाव होतं स्पायसर. अ‍ॅक्सल डानाचा, क्रॉस स्पायसरचा, ही काय भानगड? म्हणून शोधायला बसलो.

(पुण्यात औंधला स्पायसर कॉलेज आहे, त्याचा इथे संबंध नाही. ते विल्यम स्पायसर नावाच्या मिशनऱ्याच्या नावाचं.)

आपला क्लॅरेन्स स्पायसर १८७५ साली अमेरिकेत, इलिनॉयमध्ये जन्मला. वडिलांची क्रीमरी होती, तिथली यंत्रं सांभाळतच हात तयार झाला. लग्नानंतर, पंचविशीच्या आसपास, तो कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला आणि मोटारगाडीच्या मागे लागला. त्या काळी बऱ्याच गाड्यांची चाकं सायकलसारखी चेनवर फिरत. चेन उघडी, धूळ खाणारी, खडखडणारी. शाफ्ट लावावा, तर खड्ड्यात अ‍ॅक्सल वरखाली होणार आणि इंजिन जागेवरच. मग शाफ्ट वाकणार कुठे? स्पायसरचं उत्तर होतं युनिव्हर्सल जॉइंट. कल्पना त्याची नव्हे, ती कार्डान आणि हूकपासूनची. पण वंगण आत आणि धूळ बाहेर ठेवणारा, मोटारीत रोज चालेल असा जॉइंट त्याने केला. १९०३ मध्ये पेटंट मिळालं.

आणि पठ्ठ्याने कॉलेज सोडलं! १९०४ साली न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला, छपाईयंत्रांच्या एका कारखान्यात जागा घेऊन जॉइंट बनवायला लागला. माल खपत होता, पैसा पुरत नव्हता. १९१४ मध्ये चार्ल्स डाना हा वकील पैसे घेऊन आला आणि दोन वर्षांत अध्यक्ष झाला. स्पायसर इंजिनिअरिंग बघत राहिला. १९१९ मध्ये कंपनीने सॅलिसबरी ही अ‍ॅक्सलची कंपनी घेतली. १९३९ मध्ये स्पायसर वारला. महायुद्धातल्या जीपखाली त्याच्या नावाचे अ‍ॅक्सल धावले, ते त्याने पाहिले नाहीत. १९४६ मध्ये कंपनीचं नाव डाना झालं, आणि आधी स्पायसर ४४ म्हणवला जाणारा अ‍ॅक्सल पुढे डाना ४४ झाला. वकिलाचं नाव अ‍ॅक्सलला! खोटं कशाला बोलू, मला राग आला. पण डानाचे पैसे नसते तर कारखाना टिकला असता का, हेही आहेच.

आता आमची जीप. ४४ चं क्राउन व्हील साडेआठ इंचाचं, शाफ्ट जाड, क्रॉसही मोठा. पण पुढचा-मागचा गिअर रेशो एकच हवा, नाहीतर फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केसची वाट लागते. डिफरेन्शिअलचा गोळा ट्रान्सफर केसच्या शाफ्टच्याच बाजूला यायला हवा. पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करायच्या, आणि त्यात कॅस्टर अँगल चुकला तर गाडी सरळ धावायची नाही. शिवाय चाक पूर्ण वळलेलं असताना क्रॉसवर सगळ्यात जास्त ताण येतो, तो ४४ मध्येही येणारच.

पैसे जमेपर्यंत जुने छोटे टायर परत टाकलेत. आणि चिखलात स्टिअरिंगवर मला कोणी बसू देत नाही.