थंडीत गाडीला हीटर का लागतो? उत्तर दडलंय रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्यात

इंदूर : थंडीच्या दिवसांत राजेंद्र नगरमध्ये पारा दहाच्या खाली गेला की जुन्या डिझेल गाड्या सकाळी नखरे करतात. चावी फिरवून लगेच सेल मारायचा नाही, आधी डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा विझू द्यायचा, हे जुन्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. यामागचं कारण शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील पुस्तकबांधणी करायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकमध्ये ते इंजिनिअर झाले.

वाफेचं इंजिन कोळशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता वाया घालवतं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांची कल्पना साधी होती. हवा जोरात दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसंच. ती इतकी दाबायची की आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटावं. १८९३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

त्याच वर्षी १० ऑगस्टला पहिली चाचणी झाली. स्फोटात दाब मोजायचं यंत्र फुटलं आणि रुडॉल्फ थोडक्यात वाचले. साडेतीन वर्षांनी, १८९७ मध्ये, इंजिनाने इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लावून दाखवली. जगभरातून परवान्यांचे पैसे आले.

पण खरी कसोटी गिऱ्हाइकाच्या दारात होती. १८९८ पासून विकलेली इंजिनं वारंवार बंद पडू लागली. पेटंटवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, जमिनीच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडाला, तब्येत खचली. इंजिन हळूहळू सुधारत गेलं, मात्र मालक कर्जात रुतत गेला.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ते अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर होते. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की अपघात, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

त्यांचं इंजिन मोटारीत बसलं, ते मात्र त्यांना पाहता आलं नाही. इंधन फवारायला तेव्हा मोठा एअर कॉम्प्रेसर लागायचा, तो गाडीत मावणारा नव्हता. पुढे बॉशचा छोटा पंप आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल कार बाजारात उतरली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्या घराण्याचे लक्ष्मणराव जन्माने बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

आता हीटरचं. इंजिन थंडगार असलं की दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खातात आणि डिझेल पेटत नाही. म्हणून बॅटरीच्या करंटवर काही सेकंद लालभडक होणारा हीटर प्लग लागतो. तो गेला, किंवा बॅटरी उतरली, की सेल फिरत राहतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तो न जळलेल्या डिझेलचा. काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर बघावा, निळा आला तर इंजिन ऑइल जळतंय.

त्यामुळे पांढरा धूर दिसला की पुन्हा पुन्हा सेल मारून बॅटरी संपवू नये. आधी हीटर तपासून घ्यावा. ठिणगीशिवाय चालणाऱ्या या इंजिनाचं सगळं गणित उष्णतेवर आहे, रुडॉल्फ यांच्या पहिल्या चाचणीपासून.