मॅट टॅलबट : एका मजुराचे पुण्यचरित्र

द्राक्षरस ही परमेश्वराची देणगी होय. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षरस केला, आणि आजही द्राक्षरसावाचून मिस्साबलिदान होत नाही. तेव्हा मद्याचा थेंब म्हणजेच पाप, अशी पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण नाही. परंतु बुद्धी गहाण पडेपर्यंत पिणे हे पाप आहे, असे ती निक्षून सांगते. आणि ज्याला एका प्याल्यावर थांबता येत नाही, त्याने पहिल्या प्याल्यापासूनच दूर राहावे, हे शहाणपण तिच्या एका सुपुत्राने आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मॅट टॅलबट याचा जन्म आयर्लंडमधील डब्लिन शहरी २ मे १८५६ रोजी झाला. बारा भावंडांत तो दुसरा. बाप बंदरावर कामाला असे व पीतही असे. आई भाविक व सोशिक होती. शाळेत मॅटचे चित्त रमले नाही. बाराव्या वर्षी तो एका मद्यविक्रेत्याच्या वखारीत कामाला लागला व तेथेच त्याला चटक लागली. पुढे बंदरातील व्हिस्कीच्या गोदामात काम मिळाले, तेव्हा आगीत तेलच पडले. नंतर तो गवंड्यांच्या हाताखाली मजुरी करू लागला. शनिवारी हाती पडलेली मजुरी गुत्त्यात संपे. ती सरली की पायांतले बूटही गहाण पडत. एकदा तर त्याने व सोबत्यांनी रस्त्यावरील एका गरीब वादकाचे व्हायोलिन पळवून विकले व ते पैसे पिण्यात उडविले.

१८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एका शनिवारी तो रिकाम्या खिशाने गुत्त्यापाशी उभा होता. आठवडाभर कामावर गेला नव्हता; मजुरी घेऊन येणारा कोणी मित्र पाजील, अशी आशा होती. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते, ते एकामागून एक पुढे निघून गेले. मॅट खाली मानेने घरी आला व शपथ घेण्यास जातो असे त्याने आईस सांगितले. पाळणार असशील तरच घे, असे त्या माउलीने बजाविले. त्याने होली क्रॉस कॉलेजात जाऊन कुमसार केला व तीन महिने मद्य न पिण्याची शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे, ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे शरीर आपल्या गोव्यात आहे, त्याच्याच नावाच्या देवळात त्याने पवित्र कम्युनियन घेतले.

ते तीन महिने अतिशय कठीण गेले. संध्याकाळचा जो वेळ पूर्वी गुत्त्यात जाई, तो आता देवळात जाऊ लागला. मोहाला वाव नको म्हणून त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडले. मुदत संपताच शपथ पुन्हा घेतली व अखेरीस ती जन्माची केली. जुनी देणी त्याने एकेक करून फेडली. तो वादक काही भेटला नाही, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मॅटने मिस्सा करविल्या.

१८९० साली तो संत फ्रान्सिसच्या तृतीय संघात दाखल झाला. लाकडाच्या वखारीत राबावे, रोज पहाटे मिस्सा ऐकावी, फळीवर निजावे व मिळकतीतील बराचसा भाग गरिबांना व मिशनकार्याला द्यावा, असा त्याचा क्रम होता. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना तो रस्त्यातच कोसळून मृत्यू पावला. अंगावर तपश्चर्येच्या साखळ्या आढळल्या, तेव्हा कोठे जगाला त्याची ओळख पटली. एकेचाळीस वर्षे त्याने शपथ पाळली होती. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले.

आमच्या उल्हासनगरची कोनशिला १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते बसली. मुंबईचा दारूबंदी कायदाही त्याच सालचा. त्या कायद्यानेही वेदीवरील द्राक्षरसाला मुभा ठेविली. कायद्याने दुकान बंद करता येते, पण पिणाऱ्याच्या मनातील ओढ कायद्याने जात नाही. त्यासाठी कृपा लागते, निश्चय लागतो आणि शेजाऱ्यांचा आधार लागतो. मॅटचे मित्र तोंड फिरवून गेले. आपण कॅम्प चारच्या रहिवाशांनी तसे करू नये. बारशाला वा लग्नाला, ज्याने सोडली आहे त्याच्या हाती आग्रहाने पेला देणे, हे आदरातिथ्य नव्हे. फार काळ भरपूर पिणाऱ्याने सोडताना डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते.

आणि ज्याची शपथ आजवर दहादा मोडली असेल, त्याने निराश होऊ नये. मॅटने आरंभी सबंध जन्माची शपथ घेतली नव्हती, अवघ्या तीन महिन्यांची घेतली होती. आपल्याला तीन महिने जड वाटत असतील, तर आजचा एक दिवस देवाला द्यावा. कुमसाराचे दार उघडे आहे.